हौसाताई, आणि घर राखणाऱ्या आज्या

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात महिला भजनी मंडळाच्या वतीनं केलेलं भाषण)

विणेकरी बुवा, टाळकरी, चोपदार, गावोगावहून आलेली माळकरी मंडळी, आणि स्वयंपाकाच्या तंबूत अजून ज्यांचे हात पिठात आहेत त्या आमच्या बायका, सगळ्यांना दंडवत. तंबूतल्या बायांनो, तुम्हीही ऐका. कर्णा मुद्दाम तिकडं लावून घेतलाय.

दिंडीच्या शंभराव्या वर्षी महिला मंडळानं थोडा वेळ बोलावं असं ठरलं आणि विषय आमच्यावरच सोपवला. आम्ही म्हटलं, आजीवर बोलू. पण कुणाच्या? बैठकीत बसल्या बसल्या बारा-चौदा आज्या निघाल्या. कुणाची वारीत सत्तर वर्षं तुळस वाहणारी, कुणाची गावात बाळंतपणं करणारी, कुणाची एका डोळ्यानं आंधळी पण हरिपाठ तोंडपाठ असलेली. प्रत्येकीला आपलीच मोठी. शेवटी असं ठरलं, की सातारा आणि सांगली दोन्हीकडच्या लोकांना आपली वाटेल अशी एक आजी घ्यावी, आणि तिच्या निमित्तानं मग घरची गोष्ट काढावी. म्हणून आज आम्ही हौसाताईंबद्दल बोलणार आहोत. क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक, हौसाताई पाटील. २०२१ च्या सप्टेंबरात त्या गेल्या, तेव्हा वय ९५ होतं.

तुम्ही म्हणाल, दिंडीच्या मंडपात क्रांतिकारकाची लेक कशी आली? सांगतो. जरा दमानं घ्या.

हौसाताईंचा जन्म १९२६ चा. तेव्हा सांगली जिल्हा नव्हताच. सगळा मुलूख साताऱ्याचा. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा काढला आणि १९६० ला त्याला सांगली म्हणायला लागले. आपल्या दिंडीत वाळव्याचा आणि कराडचा माणूस एका पंगतीला बसतो, त्यांची सोयरीक जिल्ह्याच्या रेघेपेक्षा जुनी आहे. वडील नाना, येडेमच्छिंद्रचे. तलाठ्याची नोकरी होती. त्या काळी तलाठी म्हणजे गावात केवढा मान! ती नोकरी १९३० साली सोडून दिली आणि माणूस देशाच्या कामाला लागला. पुढं किती वेळा तुरुंग झाला, किती वर्षं भूमिगत काढली, हे शाळेच्या पुस्तकात आहे. ते आम्ही सांगत बसत नाही.

पुस्तकात जे चटकन सापडत नाही ते असं. हौसाताई तीन वर्षांच्या होत्या तेव्हा आई गेली. बाप घरी नाही. पोरीला वाढवलं आजीनं आणि मामानं. आणि मग सरकारनं नानांचं घर आणि जमीन दोन्ही जप्त केली.

घर जप्त होणं म्हणजे काय, हे पुरुषमंडळींना कागदावरून कळेल, बायकांना नुसत्या शब्दावरून कळेल. जातं आत. चूल आत. पाटा, उखळ, तवा, परात आत. पाण्याची भांडी आत. आणि दारात एक म्हातारी, कडेवर नाहीतर बोटाला एक आईवेगळी पोर. कुणी पाणी दिलं, कुणी कामाला बोलावलं, तर त्याच्यावरही सरकारचा डोळा. शेजारीण वाईट नसते हो, पण तिलाही लेकरं असतात. ती दार लोटून घेते. असं दार लोटलेलं गाव आजीनं बघितलं.

मग खायचं काय? हौसाताईंनी म्हातारपणी जे सांगितलं त्यात एक गोष्ट आमच्या मनात बसलीय. कोरड्यास नव्हतं तेव्हा कच्ची उंबरं आणून शिजवली. आता उंबर आपल्याकडं दत्ताचं झाड. प्रदक्षिणा घालतो, दिवा लावतो, कुऱ्हाड लावत नाही. पिकलेलं उंबर फोडलं की आत किडे, म्हणून पोरंही नाक मुरडतात. त्या उंबराची भाजी करून पोरीला घास भरवायचा, आणि बाप कुठं आहे असं पोरीनं विचारलं की त्याच्याबद्दल वाकडा शब्द काढायचा नाही. हे काम तुरुंगात जाण्याहून हलकं आहे असं आम्हाला तरी वाटत नाही. पुढं मामानं बैलजोडी आणि गाडी दिली, गाडीभाड्यावर थोडं चालायला लागलं. पण त्या मधल्या काळाची आजी डोळ्यापुढं आणा. तिचं नाव शोधायला पुस्तकं धुंडाळावी लागतात.

१९४३ ला नानांच्या मंडळींनी प्रतिसरकार उभं केलं. त्याचं मुख्य ठाणं कुंडल. लोकांचं न्यायदान लोकांनी करायचं, सावकाराच्या कागदातून गहाण पडलेलं रान सोडवायचं, दारूचे गुत्ते बंद करायचे, लग्न हारतुऱ्यात आणि थोड्या पैशात उरकायचं. त्याला गांधी-लग्न म्हणायचे. या गोष्टी ऐकल्या की वारकऱ्याला त्या परक्या वाटत नाहीत. दारू सोड, खोटं बोलू नकोस, लग्नात कर्ज करू नकोस, जातपात बघू नकोस. कीर्तनात बुवा हेच सांगतात, तिथं फक्त ते अमलात आणायला तुफान सेना होती. (बुवा हसताहेत. पण खरं आहे ना?) त्याच वर्षी ७ जूनला शेणोलीजवळ पगाराची रेल्वेगाडी अडवली, ती याच तुफान सेनेनं.

आणि त्याच वर्षीची हौसाताईंची गोष्ट. वय सतरा. लग्न झालेलं, नवरा भगवानराव मोरे-पाटील, तेही याच कामातले.

भवानीनगरला रेल्वेच्या वाटेवर पोलीसचौकी होती. आत बंदुका. त्या पाहिजे होत्या. समोरून जावं तर गोळी. मग ठरलं असं, की चौकीसमोर नवरा-बायकोचं भांडण लावायचं. हौसाताई बायको, आणि चळवळीतलाच एक भाऊ त्यांचा नवरा झाला. ती म्हणते, मी याच्याबरोबर नांदायला जायची नाही. तो म्हणतो, जायलाच पाहिजे. बोलाचाली झाली, मग मारामारी. त्यानं केसाला धरून आपटलं, लाथा घातल्या, आणि शेवटी मोठा दगड उचलून म्हणाला, आता डोक्यातच घालतो. तेव्हा कुठं चौकीतले पोलीस सोडवायला बाहेर आले. ते बाहेर, आणि मागनं आपली माणसं आत. बंदुका घेऊन पसार. भांडण मिटवून नवरा-बायको आपल्या वाटेला लागली. नंतर हौसाताईंनी त्या भावाला विचारलं, अरे, खरोखरचंच कशाला एवढं मारलंस? तो म्हणाला, खरं दिसायला पाहिजे होतं ना.

ही गोष्ट सांगितली की सगळे हसतात. हसण्यासारखीच आहे. पण मंडळात ती वाचल्यावर आमच्यातली एकजण गप्प झाली आणि मग तिनं विचारलं, ही युक्ती लागू कशी पडली गं? तर ती लागू पडली, कारण भर रस्त्यात बाईला मारणं हे पोलिसांना रोजचं होतं. ती किंचाळली तरी कुणाला वेगळं वाटलं नाही. दगड डोक्याशी येईपर्यंत कुणी उठलं नाही. सोंग वठवायला काही जास्त करावं लागलं नाही. गावाचंच चित्र उचलून चौकीपुढं मांडलं. ऐंशी वर्षं झाली. आज तसं भांडण मुक्कामाच्या गावात मध्येच उभं केलं, तर किती वेळानं माणसं उठतील, हे ज्यानं त्यानं आपल्या माळेवर हात ठेवून सांगावं.

दुसरी गोष्ट गोव्याची. ती थोडक्यात सांगतो. हत्यारं आणायला गेलेले बाळ जोशी पोर्तुगिजांच्या हाती सापडले आणि तुरुंगात पडले. त्यांना भेटायला माणूस पाहिजे. पुरुष गेला तर तोही आत. हौसाताई बहीण बनून गेल्या. बहीण भावाला भेटायला आली, यात कोण काय शोधणार! तुरुंगातनं निरोपाची चिठ्ठी आली ती अंबाड्यातनं. बायकांचा अंबाडा हे काय कपाट आहे, हे सरकारला कधीच कळलं नाही. परत येताना पहारे होते, होडीनं येता येत नव्हतं. रात्री मांडवी नदी लाकडी पेटीच्या आधारानं ओलांडली, मग रान तुडवत घर गाठलं. आपण चंद्रभागेत कमरेएवढ्या पाण्यात उतरताना एकमेकींचा पदर धरतो, तर या गोष्टीला काय म्हणावं?

इथपर्यंतचं सगळं लोक सांगतात. इथून पुढचं कुणी सांगत नाही, आणि आमच्या कामाचं तेच आहे.

१९४७ आलं. सरकार आपलं झालं. पुरुष आमदार झाले, खासदार झाले. नाना स्वतः १९५७ ला लोकसभेत गेले, पुन्हा १९६७ ला बीडकडून गेले. हौसाताई घरी आल्या. संसार, शेत, लेकरं, मग नातवंडं. विट्याकडं त्यांचं राहणं झालं. एवढ्या वर्षांत किती जणांनी त्यांच्या हातची भाकरी खाल्ली असेल आणि या हातांनी काय काय केलंय याचा त्यांना पत्ता नसेल. त्या आजी झाल्या, पणजी झाल्या. नव्वदी गाठली तेव्हा पी. साईनाथ आणि त्यांच्या सोबतची मंडळी येऊन बसली, ऐकलं, लिहून घेतलं, चित्रण केलं. २०२२ ला साईनाथांचं ‘द लास्ट हिरोज’ पुस्तक आलं, त्यात हौसाताई आहेत. तोवर त्या गेल्या होत्या.

पण म्हातारी झाली म्हणून ती निवांत बसली नव्हती. २०१८ च्या नोव्हेंबरात देशभरचे शेतकरी दिल्लीला मोर्चासाठी निघाले, तेव्हा ब्याण्णव वर्षांच्या हौसाताईंनी घरातनं निरोप पाठवला, की मला येववत नाही पण मी तुमच्या बाजूला आहे. जिचं रान सरकारनं ओढून घेतलं होतं, तिला रानाची किंमत नव्यानं सांगावी लागत नाही.

त्या गेल्या ते साल आपण विसरणार नाही. २०२० आणि २०२१, दोन्ही वर्षी पायी वारी झाली नाही. पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. आपण दारात उभं राहून घरच्या तुळशीला प्रदक्षिणा घातल्या. त्या दोन वर्षांत गावोगावच्या किती आज्या गेल्या! पुढच्या वारीला नाव पुकारायला गेलो तर ओळीतली माणसंच नाहीत. शंभर वर्षांत दिंडीचं एवढं जिवंत पुस्तक एकदम कधी फाटलं नसेल.

आणि म्हणून आमच्या त्या एका आजीबद्दल बोलायचं आहे.

तिचं नाव घेत नाही. तिनंच सांगून ठेवलंय. “नाव इठोबाचं घ्या, माझं कशापायी?” तुमच्यातल्या जुन्या लोकांना कळेल कोण ते. माण तालुक्यातली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची, पाठीवर पोरगं बांधून. संध्याकाळी मिळालेली सुकडी आधी पोरांच्या, मग शेजारच्या म्हातारीच्या, आणि राहिली तर आपल्या तोंडात. त्यानंतर माळ घातली आणि दिंडीला लागली ती शेवटपर्यंत.

तिनं वीणा घेतली नाही, कीर्तन केलं नाही, कुठल्या समितीवर नव्हती. काय केलं? मुक्कामाला पोचलं की आधी बायकांची आंघोळीची आणि मोरीची जागा बघायची. आता फिरते संडास आलेत, निर्मल वारीची पोरं मदतीला असतात. पण त्याच्या आधीची वारी आठवा. रात्री दोनला उठून, अंधार आहे तोवर, पंधरा-वीस बायका घेऊन ही आजी कंदील धरून पुढं चालायची आणि परत येईपर्यंत पाठ करून उभी राहायची. लोणंद असो, तरडगाव असो, फलटण असो. वारीचा सगळा थाट उजाडल्यावर दिसतो. बायकांची निम्मी वारी त्या कंदिलाच्या उजेडात झाली.

तिच्याजवळ एक पत्र्याची पेटी असायची. त्यात फोड आलेल्या पायांना लावायला खोबरेल आणि हळद, सुईदोरा, डोकेदुखीच्या गोळ्या, आणि खाली घडी घातलेली धुवट सुती फडकी. ती कुणासाठी ते पोरींना माहीत असायचं. पोरगी जवळ येऊन नुसती उभी राहिली की आजी पेटी उघडायची, बोलायची नाही. पुढं दुकानातली पाकिटं आली, ती तिनं पदरच्या पैशानं घेऊन ठेवली. एकदा एका पोरीच्या डोक्यावर तुळस होती आणि तिची अडचण झालेली. कुणीतरी बोभाटा केला, एक बुजुर्ग म्हणाले, तुळस उतरवा. आजी म्हणाली, “बुवा, आपुन देवाला माउली म्हनतो न्हवं? मग आईला लेकीचा कसला इटाळ?” तुळस उतरली नाही. त्या बुजुर्गांचंही सांगितलं पाहिजे. ते घटकाभर गप्प उभे राहिले आणि मग पोरीला म्हणाले, चल बाई पुढं, ओळ मोडू नकोस.

आणि भवानीनगरची गोष्ट वाचताना आमच्यातली एकजण गप्प झाली म्हटलं, ती का, तर तिला हे आठवलं. मुक्कामाच्या एका गावात एका माळकऱ्यानं, गळ्यात टाळ अडकवलेला, बायकोवर हात उगारला. जेवणाला उशीर झाला म्हणून. तीस-चाळीस माणसं होती. आजी पिठाच्या हातानं उठली, त्याच्या गळ्यातला टाळ काढून घेतला आणि म्हणाली, “ह्या हातानं टाळ तरी वाजव, न्हाईतर बाई तरी मार. दोनी व्हायचं न्हाई. इचार कर आन् सकाळी सांग, तवर टाळ माझ्यापाशी.” रात्रभर टाळ तिच्या पत्र्याच्या पेटीत होता. सकाळी काकड्याच्या आधी तो गडी आला. काय बोलला ते तिनं कुणाला सांगितलं नाही. टाळ दिला.

आरफळच्या हैबतबाबांचं नाव आपण मोठ्या मानानं घेतो. साताऱ्याजवळच्या त्या गावच्या माणसानं माउलींच्या सोहळ्याला शिस्त लावली, दिंड्यांचा क्रम लावला, आणि आजही तो चालतो. आजीनं लावलेली शिस्त तेवढी मोठी नसेल. पण आपल्या दिंडीत गरोदर, म्हातारी आणि दुखणाईत आधी जेवते, ही रीत तिची. नव्यानं आलेल्याला वाटतं हे असंच पहिल्यापासून आहे.

आता अडचण अशी आहे. स्मरणिकेचं काम करणाऱ्यांनी आम्हाला विचारलं, आजीचा फोटो द्या, नाव द्या, अर्धं पान राखून ठेवलंय. मंडळात दोन तट पडले. एक म्हणे, तिनं नको म्हणून सांगितलंय, मग शब्द मोडायचा नाही. वारकऱ्यानं पायरीचा दगड व्हावं, पाटी होऊ नये. दुसरा म्हणे, मग हौसाताईंना वाढवणाऱ्या आजीसारखं होणार. पोरींनी उद्या विचारलं, आमच्या आधी इथं कोण होतं, तर काय सांगायचं? एक लेक म्हणाली, “नम्रपणा बायकांनीच का करायचा? बुवांचे फोटो तर छापताय.” यावर बरंच बोलणं झालं. आवाजही चढले. हे सांगायला आम्हाला काही वाटत नाही; शंभर वर्षं चाललेल्या दिंडीत एवढं तरी भांडण पाहिजे.

मधली वाट निघाली ती अशी. आजीचं नाव छापायचं नाही, फोटो नाही. त्या अर्ध्या पानावर तिची पेटी छापायची. पत्रा गंजलाय, कडी तुटलीय, झाकणावर कुणीतरी चुन्यानं काढलेला विठोबा अर्धा पुसलाय. आणि बाकीच्या आज्यांसाठी एक वही ठेवायची. नाव सांगायचं असेल तर नाव, नसेल तर नुसतं काम. कुणी किती वर्षं हंडा वाहिला, कुणी दुष्काळात दिंडीला ज्वारी दिली, २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठाला भाकरी पाठवताना कुणाच्या चुली दिवसरात्र पेटत्या होत्या, कुणी कुणाचं लेकरू वारीत सांभाळलं. लहान म्हणून काही गाळायचं नाही.

वही स्वयंपाकाच्या तंबूच्या मधल्या खांबाला दोरीनं बांधलीय. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी नववीतल्या दोन पोरी पेन घेऊन बसल्यात. त्यांची अक्षरं चांगली आहेत आणि त्या घाई करत नाहीत. बायकांनी निवांत बसून सांगावं, कारण आज पिठलं-भाकरी वाढायला पुरुषमंडळी उभी राहणार आहेत, हे विणेकरी बुवांनी सकाळीच कबूल केलंय. पंगत तुळशीच्या कट्ट्यापासून सुरू होईल.

रामकृष्ण हरी.